चोर सोडून संन्याशाला फाशी : संगणकाचा राखणदार घरच्यालाच अडवतो तेव्हा



आपला ऊस फडातून निघाल्यापासून बिलाची रक्कम खात्यावर पडेपर्यंत त्याची नोंद किती ठिकाणी होते, याचा हिशेब कधी केला आहे काय? लागणीची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वाहनाची स्लिप, काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन, गव्हाणीवर मोळ्या उतरवून परतताना रिकाम्या गाडीचे वजन, मग बिल आणि बिलातून होणारी सोसायटीची कपात. पूर्वी हे सारे जाड बांधणीच्या वह्यांत चाले. आता बहुतेक कारखान्यांत ते संगणकावर चालते. म्हणजे संगणक अडला की काटा अडला, आणि काटा अडला की आपले पैसे अडले.

अशा संगणकाला राखणदार ठेवावाच लागतो. त्या राखणदाराचे नाव अँटिव्हायरस. तो चोरांना अडवतो, हे खरेच. पण कधी कधी तो घरच्याच माणसाला चोर समजून धरतो, आणि मग घराचा कारभार ठप्प होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी चिडून राखणदारालाच हाकलून देण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. म्हणून हे भांडण होते कसे आणि मिटवावे कसे, हे समजून घेतलेले बरे.

राखणदार चोर ओळखतो कसा?

व्हायरस हा रोगजंतू नव्हे. तो माणसानेच लिहिलेला प्रोग्राम असतो, पण दुसऱ्याचे नुकसान करणारा किंवा परवानगीवाचून पसरणारा. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीवरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाई. पुढे व्हायरस वाढले तसे त्यांना पकडणारे प्रोग्रामही निघाले. आपल्या पुण्यात नव्वदीच्या दशकात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी 'क्विक हील' आणले, ते पुष्कळांना ठाऊक असेल.

हा राखणदार तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे खूण. माहीत असलेल्या चोरांच्या अंगावरच्या खुणांची यादी त्याच्यापाशी असते. नवे चोर निघतात तशी कंपनी इंटरनेटवरून नवी यादी पाठवते. दुसरी वागणूक. एखादा प्रोग्राम भराभर शेकडो फायली उघडून बदलू लागला, की राखणदाराच्या मनात पाल चुकचुकते, कारण खंडणीखोर व्हायरस तेच करतो. तिसरी सही-शिक्का. मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रामवर संगणकी सही असते. ज्याच्यावर सही नाही आणि ज्याला फारसे कोणी ओळखत नाही, त्याच्याकडे तो संशयाने पाहतो.

संशय आला की तो त्या फायलीला बहुधा लगेच मारून टाकत नाही, कोंडवाड्यात घालतो. गावच्या कोंडवाड्यात घातलेले जनावर जसे ओळख पटवून सोडवून आणता येते, तशी ही फाईलही सोडवता येते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण "फाईलच गेली" म्हणून डोक्याला हात लावण्याची पाळी पुष्कळदा उगीच येते.

आता आणखी एक गोष्ट. चोर कुठल्याही खोलीत शिरू शकतो, म्हणून राखणदाराच्या हाती घरातल्या सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात. विंडोज संगणकावर कित्येक अँटिव्हायरसचा एक भाग थेट यंत्रणेच्या गाभ्यात बसून काम करतो. साध्या प्रोग्रामची चूक झाली तर तो एकटा बंद पडतो. पण गाभ्यात बसलेल्याची चूक झाली, तर सगळा संगणकच कोसळतो. या दोन गोष्टींतून, म्हणजे संशय आणि अधिकार यांतून, सगळी भांडणे निघतात.

भांडण पहिले : ओळखण्यात चूक

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीने नव्या खुणांची यादी पाठवली. तीत एक खूण चुकली होती. विंडोज एक्सपी संगणकात 'एसव्हीसीहोस्ट' नावाची विंडोजचीच एक अत्यावश्यक फाईल असते. राखणदाराने तिलाच व्हायरस ठरवून उचलले. झाले! संगणक पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होऊ लागले, जाळ्याशी असलेला त्यांचा संबंध तुटला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात रुग्णालयांना काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानांच्या साखळीतील काही दुकाने गल्ल्यावरचे संगणक बंद पडल्याने मिटली. कंपनीने चुकीची यादी काही तासांतच मागे घेतली, पण जे संगणक आडवे झाले होते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? त्यांचा इंटरनेटच तुटलेला. शेवटी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ते हाताने दुरुस्त करावे लागले.

हे काही एकट्या कंपनीचे पाप नव्हे. मे २००७ मध्ये सिमँटेकने चिनी भाषेतील विंडोजच्या दोन मूळ फायली व्हायरस म्हणून उचलल्या होत्या. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने 'युझर३२' ही विंडोजची फाईल धरली. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफोसच्या राखणदाराने स्वतःच्याच नव्या याद्या आणणाऱ्या प्रोग्रामला चोर ठरवले. म्हणजे राखणदाराने स्वतःलाच कोंडवाड्यात घातले म्हणा ना!

जिथे विंडोजच्या फायलींची ही गत, तिथे तालुक्याच्या गावातल्या संगणकवाल्याने एका कारखान्यापुरता किंवा दूध संस्थेपुरता लिहून दिलेल्या प्रोग्रामची काय कथा? त्यावर संगणकी सही नसते, जगात तो दोन-चार ठिकाणीच असतो. राखणदाराच्या दृष्टीने तो रात्री-अपरात्री वेशीवर आलेला अनोळखी माणूसच.

भांडण दुसरे : नको त्या वेळी झडती

प्रत्येक फाईल उघडताना तपासायची, हा राखणदाराचा नेम. पण कामाच्या ऐन घाईत तपासणी सुरू झाली की मूळ कामच थांबते. याचे सर्वांत अंगावर काटा आणणारे उदाहरण फेब्रुवारी २०१६ मधले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची नोंद आहे. एका रुग्णाच्या हृदयात नळी घालून तपासणी चालू होती. रुग्णाला गुंगीचे औषध दिलेले. हृदयाची मोजमापे दाखवणारा पडदा मध्येच काळा झाला. डॉक्टरांना सुमारे पाच मिनिटे थांबावे लागले. संगणक पुन्हा सुरू करून तपासणी सुखरूप पार पडली, हे नशीब. कारण शोधले तेव्हा आढळले, की अँटिव्हायरस दर तासाला झडती घेत होता. त्या यंत्राच्या माहितीपत्रकात तर आधीच सांगितले होते, की रुग्णाच्या माहितीच्या फायली झडतीतून वगळाव्यात. सूचना कागदावरच राहिली होती.

हिशेबाच्या मोठ्या फायलींचेही असेच असते. बँका आणि कारखाने ज्या प्रकारची माहिती-कोठारे वापरतात, त्यांपैकी 'एसक्यूएल सर्व्हर'च्या मूळ फायली रोजच्या झडतीतून वगळाव्यात, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. धान्याच्या पोत्याचे तोंड उघडून दाणे मोजत असताना कोणी तेच पोते बांधू लागला, तर मोजणी व्हायची कशी?

भांडण तिसरे : एका दाराशी दोन राखणदार

"एकापेक्षा दोन बरे" असे वाटून कित्येक जण एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस घालतात. आता बघा, पहिला एक फाईल तपासायला उघडतो. फाईल उघडली म्हणून दुसरा ती तपासायला धावतो. दुसऱ्याने हात लावला म्हणून पहिला पुन्हा तपासतो. शिवाय एकाजवळची चोरांच्या खुणांची यादी दुसऱ्याला चोरच वाटते. दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात आणि संगणक गारठल्यासारखा होतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपल्या वाडवडिलांनी सांगूनच ठेवले आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' हा राखणदार मुळातच असतो. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस रीतसर बसवला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. पण कारखान्यात मधोमध असलेला जो मोठा सर्व्हर, त्याच्यावर तो तसा आपोआप बाजूला होत नाही. तिथे जाणकाराने लक्ष घालावे लागते.

सगळ्या जगाचा काटा थांबला तो दिवस

१९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा राखणदार मोठमोठ्या विमान कंपन्या, बँका, रुग्णालये यांच्या संगणकांवर बसलेला. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले असतील, तेव्हा कंपनीने नव्या खुणांची एक छोटी फाईल पाठवली. चूक काय होती, ते वहीखात्याच्या भाषेत सांगता येते. प्रोग्राम २१ वा रकाना वाचायला गेला, आणि हातातल्या तक्त्यात रकाने २० च होते. नसलेला रकाना वाचताना तो कोसळला. तो गाभ्यात बसलेला, म्हणून विंडोजही कोसळली. पडदे निळे झाले.

सुमारे ७८ मिनिटांत कंपनीने ती फाईल मागे घेतली. पण तेवढ्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पडले होते. विंडोजच्या एकूण संगणकांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, पण ते नेमके मोक्याच्या जागी होते. जगभर हजारो विमाने रद्द झाली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्या दिवशी ज्यांच्यापाशी कोरे छापील कागद आणि पेन तयार होते, त्यांचे काम हळू का होईना, चालू राहिले.

यातून दोन धडे मिळाले. एक, नवी यादी एकदम सगळ्या यंत्रांवर टाकू नये. नवे बियाणे आपण आधी एखाद्या गुंठ्यात लावून पाहतो, सगळ्या रानात एकदम लावत नाही. दुसरा, दुरुस्ती पुन्हा एकेका यंत्रापाशी जाऊन हातानेच करावी लागली, आणि ज्या संगणकांना कुलूपबंद चकती होती, त्यांची किल्ली म्हणजे लांबलचक आकडा कुणाजवळ आहे, याचीच शोधाशोध झाली. कित्येकांनी तो आकडा बंद पडलेल्या संगणकातच ठेवला होता! त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने राखणदारांना विंडोजच्या गाभ्याबाहेर बसून काम करता यावे, असा बदल हाती घेतल्याचे जाहीर केले.

काट्यावर असे घडले तर?

समजा, जानेवारीतली रात्र आहे. अड्ड्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली आहे, आणि वजनाची पावती छापणारा प्रोग्राम एकाएकी उघडेनासा झाला. गाडीवान विचारतो, "काय झालं साहेब? आजून किती येळ?" काटा कारकून म्हणतो, "थांबा तात्या, कॉम्प्युटरला काय झालंय तेच कळंना." तोडलेला ऊस जितका जास्त थांबेल, तितके त्याचे वजन घटते आणि उताराही घसरतो. तोटा सभासदाचाही आणि कारखान्याचाही.

अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीचे वजन संगणक करत नाही. ते काट्याखालचे लोडसेल करतात आणि आकड्यांच्या डब्यावर, म्हणजे इंडिकेटरवर दाखवतात. संगणक त्या डब्यातून तारेने आलेला आकडा फक्त वाचतो, साठवतो आणि छापतो. तेव्हा प्रोग्राम कोंडवाड्यात गेला म्हणून इंडिकेटरवरचे वजन बदलत नाही. अनुक्रमांक छापलेले, कार्बन घातलेले पावती पुस्तक तयार असेल, तर कारकुनाने इंडिकेटरवरचा आकडा गाडीवानादेखत लिहावा, दोघांनी सही करावी, एक प्रत गाडीवानाला द्यावी आणि नंतर तीच नोंद संगणकात चढवावी. रांग चालू राहते आणि संशयालाही जागा उरत नाही.

बिलाच्या बाबतीत तर कायद्याचाच प्रश्न आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज. "अँटिव्हायरसने फाईल खाल्ली" ही सबब तिथे चालत नाही.

राखणदाराला हाकलू नका

हे सारे वाचून कुणी म्हणेल, "मग काढूनच टाका की तो अँटिव्हायरस!" तसे करणे म्हणजे उंदीर पडला म्हणून कणगीच जाळण्यासारखे आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या वर देशांत संगणकांतील फायली कुलूपबंद करून पैसे मागितले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'ने युरोपपासून सुरुवात केली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. राखणदाराची चूक झाली तर बहुधा काही तास जातात. खरा चोर शिरला तर सगळे खातेच जाते.

चोरटे प्रोग्राम फुकट वाटणारे लोक नेमके हेच सांगतात, की "बसवताना अँटिव्हायरस बंद करा, तो उगीच ओरडतो." कुत्रे बांधून ठेवा, मग आम्ही आत येतो, असे म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण काय समजतो? तेच इथे समजावे.

करायचे काय?

ज्यांच्या घरी मुलगा-सून संगणकावर दुकानाचा, डेअरीचा किंवा पतसंस्थेचा हिशेब ठेवतात, त्यांनाही खालील गोष्टी उपयोगी पडतील.

१. काल चालणारा प्रोग्राम आज उघडत नसेल आणि आपण काही बदल केलेला नसेल, तर आधी अँटिव्हायरसची घडामोडींची यादी पाहावी. काय धरले, केव्हा धरले, ते तिथे लिहिलेले असते.

२. कोंडवाड्यातली फाईल डोळे झाकून सोडू नये. ज्याने प्रोग्राम दिला त्याला फोन करून खात्री करावी. 'व्हायरसटोटल' या ठिकाणी एक फाईल सत्तरच्या आसपास राखणदारांकडून तपासून मिळते. एक-दोघांनीच बोट दाखवले तर चूक असण्याचा संभव असतो, पुष्कळांनी दाखवले तर दाल में काला समजावे. मात्र सभासदांची नावे, खाते क्रमांक असलेल्या फायली तिथे कधीही पाठवू नयेत.

३. खात्री पटल्यावर फक्त त्या प्रोग्रामची किंवा माहितीची जागा झडतीतून वगळावी. सगळी 'सी ड्राइव्ह' वगळणे म्हणजे वाड्याचा दरवाजाच काढून ठेवणे. वगळलेल्या जागेत पेनड्राइव्हवरचे गाणे-सिनेमे येऊ देऊ नयेत, कारण तिथे आता पहारा नाही.

४. एका संगणकावर एकच राखणदार ठेवावा. जुना काढताना त्याच्याच कंपनीने दिलेल्या साधनाने मुळासकट काढावा.

५. मोठी झडती रात्री किंवा गाळप नसताना ठेवावी. नवा बदल आधी ऑफिसातल्या एका संगणकावर आणि सर्वांत शेवटी काट्यावर न्यावा.

६. माहितीची एक प्रत रोज वेगळ्या चकतीवर काढून ती चकती संगणकापासून सोडवून ठेवावी. कुलपाचा आकडा कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा.

सभासद म्हणून आपणही कारखान्याच्या सभेत चार साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. काट्यावरचा प्रोग्राम आणि अँटिव्हायरस यांची गाठ हंगामापूर्वी घालून पाहिली आहे काय? संगणक बंद पडला तर छापील पावती पुस्तके तयार आहेत काय? माहितीची प्रत परत चढवून पाहण्याची रंगीत तालीम झाली आहे काय? आणि हे सारे पाहण्याची जबाबदारी नेमक्या कोणाकडे आहे? ताळेबंदावर प्रश्न विचारतो, तितकेच हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण ताळेबंदातले आकडे याच यंत्रांतून येतात.

राखणदार ठेवला की आपले काम संपले, असे शेतात कधी होत नाही. त्याला आपली माणसे दाखवावी लागतात, कोणती वाट कुणाची ते सांगावे लागते, आणि अधूनमधून स्वतः बांधावर जाऊन यावे लागते. बॉयलर पेटण्यापूर्वीच्या आठवड्यात जशी गव्हाणीची आणि मिलची चाचणी होते, तशी एक चाचणी या राखणदाराचीही व्हावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते हंगामाआधी उरकले, तर भर हंगामातली रात्र वाचेल.